गज आणि गंज

(द्वितीय वर्ष, कला)

घर जुने झाले आणि हाताशी चार पैसे आले की माणसे प्रथम खिडक्यांकडे पाहतात. भिंतीचे पोपडे चुन्याखाली झाकता येतात, गळके छप्पर बाहेरच्याला दिसत नाही. परंतु गंजलेली खिडकी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला घरची परिस्थिती सांगत असते. म्हणून आपल्या कुर्डुवाडीत कुठल्याही गल्लीत घराची दुरुस्ती निघाली, की पहिला बळी जातो तो जुन्या लोखंडी गजांचा. चौकटीसकट ते उपटले जातात, चार दिवस भिंतीला टेकून उभे राहतात आणि भंगारवाल्याची गाडी आली की किलोच्या भावाने जातात. त्यांच्या जागी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी येते किंवा पोकळ पाइपचे चकचकीत ग्रील येते.

माझे म्हणणे असे की, या व्यवहारात आपण बहुतेक वेळा फसतो. जुना गज विकण्यापूर्वी तो एकदा घासून पाहावा. घासल्यावर जे दिसेल त्यावरून काय तो निर्णय घ्यावा. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या घराचे ग्रील मी स्वतः घासले आहेत. माझ्या तळहातावरचे घट्टे हाच या लेखाचा आधार आहे.

झाले ते असे. ताईच्या लग्नाची बोलणी सुरू होती. पाहुणे घर बघायला येणार, म्हणून पुढच्या खोलीला रंग द्यायचे ठरले आणि त्या ओघात खिडक्यांचा विषय निघाला. आईचे मत स्पष्ट होते, “गंजकी खिडकी म्हणजे दरिद्री घर. आधी त्या काढा.” आण्णांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने एक ग्रील हाताने हलवून पाहिले आणि सांगितले, चारही मिळून 70 किलो भरतील, 28 रुपयांनी 1,960 रुपये देतो. नव्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा भाव आणला तर तो ऐकून आण्णा गप्पच बसले. बरे, सरकती खिडकी काच बंद करते, चोर अडवत नाही. तिच्या बाहेर पुन्हा ग्रील हवेच. दोन्ही मिळून सुमारे 32 हजार रुपये होत होते. लग्न तोंडावर आलेल्या घरात 32 हजार म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी लग्न झाले आहे त्यांना सांगायला नको.

मी म्हटले, “आण्णा, मी घासून बघते.”

“घासून घासून काय सोनं निघणार हाय का?” ते म्हणाले. पण त्यांनी भंगारवाल्याला आठ दिवसांनी ये म्हणून सांगितले.

सोने निघाले नाही. मात्र जे निघाले ते पाहून मी दोन दिवस त्याच विचारात होते. वरचा चॉकलेटी रंग खरवडला, त्याखाली हिरवा लागला. हिरव्याखाली करडा. आणि सर्वांत खाली, लोखंडाला अगदी चिकटून, शेंदरी रंगाचा एक थर. घर आजोबांनी 1978 साली बांधले. आजोबा इथल्या नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये खलाशी होते. लोखंडाला रंग देण्याआधी खाली शेंदरी थर द्यायचा, ही रीत त्यांनी तिथूनच आणली असणार. पूर्वी पुलांना, यंत्रांना, डब्यांच्या सांगाड्यांना हाच थर देत. शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साईड, आणि ते लोखंडाला गंजू देत नाही. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर आणि खिडकीच्या गजावरचा शेंदूर एकाच जातीचा, हे कळल्यावर आजीने त्या खिडकीला हात जोडले. ही थट्टा नाही, तिने खरोखरच जोडले!

इथे थोडे गावाविषयी सांगितले पाहिजे. आपले गाव वाढले ते लोखंडाच्या रस्त्यावर. मोठ्या लोहमार्गावरच्या या स्टेशनाचे एके काळचे नावदेखील आपले नव्हते, बार्शी रोड असे होते. इथून बार्शीला अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. पुढे ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. 1954 मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली, आणि अलीकडच्या काळात टप्प्याटप्प्याने सारी ब्रॉडगेज झाली. छोटी गाडी गेली, पण तिने या गावातल्या माणसांना लोखंड ओळखायला शिकवले होते. आमच्या आळीत दोन जुन्या घरांना रुळाच्या तुकड्याची तुळई आहे. रुळाचा तुकडा छपराखाली घालणाऱ्या माणसांनी खिडकीला पातळ लोखंड कसे वापरले असते?

आमचे ग्रील ज्या लोहाराने केले त्याने ते जोडलेले नाही, ओवलेले आहे. आडव्या जाड पट्टीला भोके पाडून त्यांतून बारा मिलिमीटरचे चौकोनी गज आरपार घातले आहेत. भोक ड्रिलने पाडलेले नाही. पट्टी तापवून टोच्याने पाडले आहे, म्हणून भोकापाशी पट्टी दोन्ही बाजूंना फुगलेली दिसते. धातू कापला गेला नाही, नुसता बाजूला सरकला, त्यामुळे तिथे पट्टी कमजोर झाली नाही. रंगाच्या चार थरांखाली हे सगळे झाकलेले होते. इतकी वर्षे मी त्या खिडकीत बसून अभ्यास केला, बारावीची सगळी पुस्तके तिथे वाचली, आणि मला ते कधी दिसले नव्हते.

गज म्हटला की आपल्या कवींना तुरुंग आठवतो. मला मात्र ते आठवत नाही. असो.

आता गंजाविषयी. लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळाले की गंज येतो. ॲल्युमिनियमवरही हवेने एक थर चढतो, पण तो अंगाला घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्रा होऊन सुटतो आणि खालचे नवे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. फुगलेला गंज चौकटीचे लाकूड आणि गिलावाही फोडतो. हे काम सावकाश चालते. आपला सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. पाऊस कमी, हवा कोरडी. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडाचे जे हाल होतात ते इकडे होत नाहीत. दुष्काळ आपल्याला फारसे काही देत नाही, पण त्याने आपले लोखंड तेवढे सांभाळले आहे.

मग आपल्याकडे गज गंजतात कुठे? मी आमच्या गल्लीतल्या बऱ्याच खिडक्या मुद्दाम जवळ जाऊन पाहिल्या. बहुतेक ठिकाणी वरचा गज चांगला आणि खालची वीतभर बाजू खराब. पावसाचे व धुण्याचे पाणी गजावरून ओघळते आणि गज जिथे खालच्या लाकडात शिरतो तिथे साचते. दुसरा शत्रू म्हणजे कूलर. उन्हाळ्यात आपण कूलर खिडकीला बांधतो, त्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी घालतो आणि ते चार महिने ग्रीलवर ठिबकत राहते. गजावर पांढरे किटण दिसले की त्याखाली गंज आहे असे खुशाल समजावे. तिसरी जागा न्हाणीघराची. ज्या वेल्डिंगवाल्या मामांकडे मी गेले, त्यांनी हातोडीने गज वाजवून पाहिला आणि एका वाक्यात निदान केले, “वरचं लोखंड कोरं हाय पोरी, नुसतं पाय कुजल्यात.”

वाजवून पाहण्याची ही पद्धत प्रत्येकाने शिकून घ्यावी. भरीव लोखंड खणखणते. कुजलेले बद्द वाजते. मामांनी सात गजांचे कुजलेले पाय कापून नवे जोडून दिले. न्हाणीघराच्या खिडकीचे ग्रील मात्र हातातच मोडले. ते भंगारात गेले, आणि ते योग्यच झाले. सगळे जुने वाचवावे असे मी म्हणत नाही.

काही जण म्हणतात, जुने लोखंडच मुळात चांगले, आताच्या लोखंडात राम नाही. दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभाचा दाखलाही देतात. तो स्तंभ सुमारे 1,600 वर्षे उभा आहे हे खरे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस अधिक आहे व त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. पण आमच्या खिडकीचे गज मेहरौलीहून आलेले नाहीत. ते साधेच पोलाद आहे, फक्त जाड आहे. आणि माझ्या मते सगळा फरक त्या जाडीचाच आहे. बारा मिलिमीटरचा भरीव गज चारी बाजूंनी एकेक मिलिमीटर झिजला तरी दहा मिलिमीटर उरतो. आज बाजारात मिळणाऱ्या अठरा गेजच्या पोकळ पाइपची भिंतच मुळी सव्वा मिलिमीटरच्या आतली असते. तिचा एक मिलिमीटर गेला म्हणजे काय उरले? शिवाय वेल्डिंगमध्ये सुईएवढे छिद्र राहिले की पाणी आत शिरते आणि पाइप आतून गंजतो. बाहेरून रंग झकास, आतून भुसा. जुना गज निदान आपला आजार लपवत नाही.

खर्चाचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. तारेचे दोन ब्रश 140, पॉलिश पेपर 240, प्रायमर 260, ऑइलपेंट 480, टर्पेंटाईन 130, वेल्डिंग 900. एकूण 2,150 रुपये. सकाळी सहा ते दहा असे अकरा दिवस मी काम केले. माझे हात फुकट होते, म्हणून स्वस्त पडले, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. चव्वेचाळीस तास म्हणजे साडेपाच दिवसांची मजुरी, 700 रुपये रोजाने 3,850. म्हणजे सगळे धरून 6,000. तरीही 32 हजारांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमीच! उरलेल्या पैशांतून न्हाणीघराला नवी खिडकी झाली आणि बाकीचे ताईच्या लग्नाकडे वळले.

या हिशेबावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. भंगार वाया जात नाही, ते पुन्हा वितळते. जालन्याच्या भट्ट्यांत अशाच भंगारापासून बांधकामाच्या सळया होतात. कबूल. परंतु उभ्या, कामाच्या गजाला सुमारे दीड हजार अंशांवर वितळवायचे, पुन्हा ओढून सळई करायची, ट्रकने परत आणायची, आणि त्याच खिडकीत त्याहून पातळ काहीतरी बसवायचे, हा शहाणपणा कोणता?

दुसरा आक्षेप माझ्या आईचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. आपल्या वर्गांत जुन्या वास्तूंविषयी आदराने बोलले जाते. वाडे जपावेत, नक्षी जपावी. ऐकायला गोड वाटते. पण ज्यांनी जन्मभर जुन्यातच दिवस काढले, दुसऱ्याच्या घरच्या जुन्या साड्या नेसल्या, जुनी भांडी वापरली, त्यांना ‘जुने ते सोने’ कोणत्या तोंडाने सांगायचे? आई मला म्हणाली, “तुला कॉलेजात शिकवत्यात म्हणून जुनं ग्वाड लागतंय. मला एकदा तरी नवी खिडकी बघू दे की.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. घरात प्रथम कॉलेजात गेलेल्या मुलीने आईला जुन्याचे कौतुक सांगावे यात थोडा उद्धटपणा आहेच. मी तिला एवढेच म्हणाले की, मी हे जुने म्हणून ठेवत नाही, मजबूत म्हणून ठेवते आहे. आणि रंग तू सांगशील तो देते. तिने मोरपंखी सांगितला. मला तो मुळीच आवडत नाही, पण दिला.

जे विद्यार्थी अशा कामाला कमीपणाचे समजतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपण कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जातो तेव्हा ज्या स्टेशनात उतरतो, त्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे बांधकाम 1878 मध्ये सुरू होऊन 1888 मध्ये पूर्ण झाले. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. तेथील नक्षीदार लोखंडी व पितळी कठडे, तिकीट खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे हे सर्व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले. विद्यार्थ्यांनी! त्या शाळेत घडीव लोखंडाच्या नक्षीकामाचे शिक्षण 1860 च्या दशकातच सुरू झाले होते. 2004 मध्ये ती इमारत जागतिक वारसा ठरली. आणि मी ब्रश घेऊन ओट्यावर बसले तर शेजारच्या काकूंनी विचारले, “पोरगी बीए करतीया का लोहारकी?”

कोणाला करून पाहायचे असेल तर माझ्या चुकांतून शिकावे. पहिली चूक, मी कोरडेच घासायला सुरुवात केली. शास्त्र शाखेतल्या मैत्रिणीने शेंदरी थर पाहिला आणि मला थांबवले. जुन्या ऑइलपेंटमध्ये व शेंदरी थरात शिसे असते; त्याची धूळ नाकात जाणे वाईट आणि लहान मुलांना तर फारच वाईट. नव्या घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्याकडे 2017 पासून लागू आहे, पण 1978 च्या रंगाला तो कसा लागू होणार? तेव्हापासून मी तोंडाला फडके बांधले, रंग ओला करून घासला, खाली गोणपाट अंथरले, भावाच्या पोराला अंगणात फिरकू दिले नाही. ओले केले की ताबडतोब पुसून उन्हात वाळवावे. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाला याहून चांगला उपयोग नाही.

दुसरी चूक अशी की, एक ग्रील स्वच्छ घासून मी तसेच रात्रभर ठेवले. त्या रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी पाहते तो सगळ्या गजांवर पिवळसर तांबूस साय धरलेली! उघडे लोखंड एक रात्रही थांबत नाही. घासले त्याच दिवशी प्रायमर लावलाच पाहिजे. गंमत अशी की, हल्लीच्या रेड ऑक्साईड प्रायमरचा तांबडा रंग हा लोखंडाच्याच ऑक्साईडचा, म्हणजे गंजाच्या सख्ख्या भावाचा. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूही त्याच कुळातला. भावाच्याच हाताने भावाला अडवायचे! प्रायमर पूर्ण वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो आणि महिन्यात सुटतो.

एक सूचना जुन्या ग्रीलच्या विरोधातही केली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ग्रील चारी बाजूंनी पक्के असतात. घरात आग लागली, दार अडले, तर त्यातून माणूस बाहेर कसा पडणार? वेल्डिंगवाल्याकडे ग्रील नेलेच आहे, तर एखाद्या खिडकीत बिजागरीचे झडप करून घ्यावे, आतून कडी, आणि किल्ली घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या खिळ्याला. आम्ही मागच्या खोलीत केले आहे.

आणि एक तक्रार. गंजावरच रंग फासण्याची जी पद्धत आपल्या सार्वजनिक इमारतींत रूढ आहे तिला काय म्हणावे? कोणी बडे पाहुणे येणार, तपासणी होणार, की आदल्या आठवड्यात माणसे येतात आणि पापुद्र्यावर, कोळिष्टकांवर, एका ठिकाणी तर जिवंत मुंग्यांवर रंग मारून जातात. कोणती इमारत ते सांगत नाही. वाचकांपैकी प्रत्येकाला एक तरी आठवेल. पाहुणे जाईपर्यंत तो रंग टिकतो. पॅरिसचा आयफेल टॉवर 1889 पासून उभा आहे तो असा नव्हे. त्याला साधारण दर सात वर्षांनी रंग देतात, एका खेपेला सुमारे 60 टन रंग लागतो, आणि आधी गंज काढतात. आपल्या खिडकीला तर लिटर-दीड लिटरमध्ये भागते. दिवाळीपूर्वी घरातली माणसे पितळेची भांडी चिंचेने घासतात, त्याच दिवसांत एकदा गजांच्या पायांकडे पाहिले आणि जिथे रंग उडाला तिथे ब्रश फिरवला तर वर्षाचे काम झाले. आजोबा गेल्यापासून आमच्या घरी ते कोणी केले नव्हते. गज कुजले ते त्यामुळे.

पाहुणे आले, चहा-पोहे झाले. खिडकीकडे कोणी पाहिले नाही, म्हणजे नाव ठेवायला जागा मिळाली नाही असे मी समजते. ताईचे लग्न जमले. पाहुणे गेल्यावर आण्णा बराच वेळ पुढच्या खिडकीपाशी उभे होते. त्यांनी नखाने रंग टोकरून पाहिला, एक गज धरून जोरात हलवला. मग म्हणाले, “अंगणाचं फाटक बी आज्ज्यानंच बनवून घेतलंय. त्याचं बी पाय बघ एकदा.”

फाटक खिडकीपेक्षा जास्त कुजले आहे. मामा म्हणाले, पाऊस सरल्यावर आणा.